एका शितावरून वर्ग कळत नाही

पाचवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. मी बाष्पीभवन शिकवत होते. पाण्याची वाफ होते, ती हवेत मिसळते, ऊन असलं की हे लवकर घडतं, वारा असला की आणखी लवकर. फळ्यावर व्याख्या लिहिली, मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. शेवटी विचारलं, "कळलं का?" बेचाळीस मुलांनी एका सुरात सांगितलं, "होऽऽ बाई."

मग मी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि खडू गोळा करू लागले. पहिल्या रांगेतली एक मुलगी फळ्याकडे टक लावून बघत होती. ओला पट्टा कडेने सुकत चालला होता. ती शेजारणीला म्हणाली, "बघ, फळ्यानं पाणी पिलं." शेजारीण म्हणाली, "तहान लागली असंल." दोघींच्या वह्या मी त्याच संध्याकाळी तपासल्या. व्याख्या अगदी बरोबर होती, काना-मात्रेसकट.

त्या दोघी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याला काय कळलेलं नाही हे ओळखायलासुद्धा आधी थोडंफार कळावं लागतं, म्हणून त्यांचा होकार मनापासूनचा होता. चूक माझ्या प्रश्नाची होती. "कळलं का?" हा ऐकायला प्रश्न वाटतो, पण त्यातून शिक्षकाला काहीच समजत नाही.

गेली काही वर्षं शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, पालकसभेत आणि वर्तमानपत्रात 'क्षमताधिष्ठित प्रश्न' (पाठ केलेलं सांगण्याऐवजी वापरायला लावणारे), 'उच्चस्तरीय विचार' असे शब्द सारखे येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घोकंपट्टी कमी व्हावी, वर्ग शोध आणि चर्चा यांवर चालावा असं म्हटलेलं आहे. बोर्डाच्या परीक्षांनीही पाठांतरापेक्षा मूलभूत क्षमता तपासाव्यात, असं त्यात आहे. पालक मला विचारतात, "बाई, म्हणजे आता नक्की काय बदलणार?" इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतर मला वाटतं, की वर्गात बाई प्रश्न कसा विचारतात आणि विचारून झाल्यावर काय करतात, एवढं बदललं तरी मुलांचं शिकणं खूप बदलेल. त्यातही विचारून झाल्यावर काय करतात, हे अधिक मोलाचं. त्याच भागाबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं.

प्रश्न तर आम्ही विचारतोच!

खरं आहे. शिक्षकाइतके प्रश्न दुसऱ्या कुठल्याच कामात विचारले जात नसतील. १९१२ साली अमेरिकेत रोमिएट स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी माध्यमिक शाळांच्या वर्गांत बसून शिक्षकांचे प्रश्न मोजले. सरासरी निघाली दिवसाला ३९५. त्यांतले साधारण दोन तृतीयांश प्रश्न पुस्तकात लिहिलेलं जसंच्या तसं आठवायला लावणारे होते. शंभरावर वर्षं झाली, पण आपल्यापैकी कोणीही एका तासाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ऐकावं. मी ऐकलं आहे. पस्तीस मिनिटांत माझे साठच्या वर प्रश्न होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं एका शब्दाची होती.

अशा प्रश्नांची एक ठरलेली लय असते. बाई विचारतात, एक मूल उत्तर देतं, बाई "बरोबर" किंवा "चूक" म्हणतात आणि पुढे जातात. विचारणं, उत्तर, शेरा. वर्गातल्या संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही तीन ठोक्यांची लय नोंदवली आणि ती जगभरच्या वर्गांत सापडली. या लयीत पहिला आणि तिसरा ठोका शिक्षकाचा असतो. म्हणजे विचार सुरू करणारेही आपण आणि थांबवणारेही आपणच.

व्यवहारात असं कोणी बोलत नाही. एस.टी. स्टँडवर एखाद्याने विचारलं, "पंढरपूरची गाडी किती वाजता?" तर त्याला ते खरंच माहीत नसतं, म्हणून तो आपलं उत्तर कान देऊन ऐकतो. शाळेत मात्र ज्याला उत्तर ठाऊक आहे तोच विचारतो. मुलं हे पहिलीतच ओळखतात. बाईंना माहिती नको आहे, बाईंच्या मनातला शब्द ओळखायचा आहे, हे त्यांना कळून चुकतं. मग ती फळ्याकडे बघायचं सोडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. भुवई उंचावली की उत्तर बदलतात.

इथे दोनच पारिभाषिक शब्द लागतील, ते सांगून टाकते. ज्याचं एकच ठरलेलं उत्तर असतं तो बंद प्रश्न: "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" ज्याला वेगवेगळी, कारणासह द्यायची उत्तरं असू शकतात तो खुला प्रश्न: "गाव नदीकाठी का वसतं?" बंद प्रश्न वाईट आणि खुला चांगला, असा सरळ हिशेब मात्र नाही. त्याकडे पुढे येते.

पोहरा बुडू द्या

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ही म्हण शिक्षकांच्या खोलीत फार ऐकू येते. मुलाला उत्तर आलं नाही की आपण ती म्हणून मोकळे होतो. पण ज्यांनी आडातून पाणी शेंदलं आहे त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. पोहरा पाण्याला टेकला की लगेच ओढला तर तो रिकामाच वर येतो. दोराला हिसका देऊन तो कलंडू द्यावा लागतो, बुडू द्यावा लागतो. आडात पाणी असूनही पोहरा कोरा येऊ शकतो.

मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास वर्गातल्या शेकडो ध्वनिफिती घड्याळ लावून ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ गप्प राहतात? सरासरी जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच सांगून टाकत. रो यांनी शिक्षकांना एवढंच शिकवलं, की तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबा. या थांबण्याला त्यांनी प्रतीक्षा-काळ म्हटलं. परिणाम असे दिसले: उत्तरं कितीतरी लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, मुलं "कारण" सांगू लागली, एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागली, स्वतःहून प्रश्न विचारू लागली. ज्यांना शिक्षकांनी मंद समजून सोडून दिलं होतं तीही बोलू लागली.

त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट मला आजही टोचते. शिक्षक हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त वेळ थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्यालाच कमी मिळत होता. मुद्दाम कोणी करत नाही हे. मूल अडखळतंय, त्याला अवघडल्यासारखं होतंय, म्हणून आपण दयेपोटी पुढे जातो. पण मुलाच्या कानावर ती दया अशी पडते: "तुला येणार नाही, मला माहीत होतं."

तीन सेकंद म्हणजे किती, हे मनात बेचा पाढा म्हणून बघा. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. एवढंच. तरी पहिल्यांदा करताना ते युगासारखं वाटतं. हातातला खडू फिरवावासा वाटतो, काहीतरी बोलावंसं वाटतं. मी तेव्हा खिडकीजवळ जाऊन उभी राहते. दुसरी शांतता मुलाच्या उत्तरानंतरची. "बरोबर" म्हणायच्या आधी पुन्हा तेवढंच थांबायचं. मूल आपलं वाक्य तिथेच संपवत नाही. बहुतेक वेळा त्याचा "म्हणजे..." तिथून पुढेच येतो.

शितावरून भात, पण वर्ग?

भात शिजला का ते बघायला आपण एक शीत दाबून बघतो. सगळ्या तांदळाला आच तीच, पाणी तेच, म्हणून एका शितावरून भाताची परीक्षा होते. वर्गात आपण हेच करतो. हात वर करणाऱ्या एकाला विचारतो, तो बरोबर सांगतो आणि आपण समजतो, वर्ग शिजला. पण वर्गातलं प्रत्येक शीत वेगळ्या पातेल्यात असतं. शिवाय आपण दाबतो ते शीत नेहमी वरचंच असतं, कारण हात वर करणारी पाच-सहा मुलं ठरलेली असतात.

यावर सोपा उपाय आपल्याच दप्तरात आहे: पाटी. परदेशी शाळांत यासाठी छोटे पांढरे बोर्ड वाटतात, आपल्याकडे पाटी-पेन्सिल होतीच. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, पाटी पोटाशी धरायची, आणि "दाखवा" म्हटलं की एकदम वर. एका नजरेत बेचाळीस उत्तरं. शेजाऱ्याची पाटी बघून लिहिण्याची सोय नाही आणि चुकलेल्याला सगळ्यांदेखत उभं राहावं लागत नाही.

प्रश्न मात्र विचार करून निवडावा लागतो. सहावीतलं उदाहरण घेते. दशांश अपूर्णांक शिकवून झाले. मी विचारायचे, "०.३ आणि ०.१२५, यात मोठी संख्या कोणती?" बहुतेक पाट्यांवर ०.३. मी खूश. पुढे परीक्षेत तीच मुलं घसरली. मग एकीशी बोलताना उलगडा झाला. ती म्हणाली, "बाई, टिंबानंतर आकडे कमी तेवढी संख्या मोठी." तिचा नियम चुकीचा होता, पण माझ्या प्रश्नाला त्यातूनही बरोबर उत्तर मिळत होतं.

आता मी तीन संख्या देते: ०.४, ०.६२, ०.१२५. सर्वांत मोठी कोणती? टिंब विसरून १२५ ला मोठं मानणारा ०.१२५ लिहितो. "आकडे कमी तर संख्या मोठी" मानणारा ०.४ लिहितो. ज्याला कळलं आहे तोच ०.६२ लिहितो. चुकलेली प्रत्येक पाटी मला सांगते, कोण कुठे अडकलं आहे. ०.४ वाल्यांना मी पैशांवर आणते: चाळीस पैसे आणि बासष्ट पैसे. असा एक प्रश्न तयार करायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते. पण तो पुढच्या वर्षीही चालतो, शेजारच्या शाळेतही चालतो. शिक्षण परिषदेत आम्ही असे प्रश्न एकमेकांना देऊ लागलो आहोत. त्या दिवसातलं सर्वांत कामाचं मला तेच वाटतं.

चुकीचं उत्तर हाती आलं की

फळ्याने पाणी पिण्याकडे परत येते. पुढच्या वर्षी मी धडा उलटा सुरू केला. व्याख्या नाही, पुस्तक बंद. एका पाटीवर ओला बोळा फिरवला, ती उन्हात ठेवली आणि मुलांना भोवती बसवलं. पाटी सुकली. "पाणी कुठं गेलं?" आणि मी गप्प.

"उन्हानं खाल्लं." "खाली सांडलं." "पाटीनं पिलं." "वर गेलं, ढगात." शेवटचं उत्तर पुस्तकाच्या जवळचं होतं. आधीची मी तिथेच "शाब्बास" म्हणून त्याला धरलं असतं. या वेळी चारही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "पाटीनं पिलं हे कोणाकोणाला पटतं?" निम्म्याहून अधिक हात. "मग ते खरं की नाही, कसं बघायचं?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, "ताटलीवर पाणी लावू. स्टील पाणी पित नाही." पोषण आहाराची ताटली आली. तिच्यावर बोटाने पाणी फासलं, उन्हात ठेवलं. तीही सुकली. पाटीवाल्यांच्या गटात एकदम कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातलीच एक म्हणाली, "मग पाटीनं बी पिलं नसंल." मी काहीच सांगितलं नव्हतं.

इथे आपल्या खो-खोचा उपयोग होतो. एका मुलाचं उत्तर आलं की त्यावर आपला शेरा न देता दुसऱ्याला खो द्यायचा: "तुला हिचं पटतं का? का?" "त्याने जे सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग." "यात कोणी भर घालेल?" एवढी तीन वाक्यं वापरली तरी तीन ठोक्यांची ती लय मोडते. चेंडू दर वेळी बाईंकडे परत येत नाही. मुलांना एकमेकांचं ऐकावं लागतं, कारण खो कोणाला मिळेल ते सांगता येत नाही.

एक पथ्य फार महत्त्वाचं आहे. बरोबर आणि चूक दोन्ही उत्तरांना "असं का वाटतं?" विचारायचं. फक्त चुकल्यावर "का?" विचारलं, तर आठवड्याभरात मुलं "का?" ऐकताच उत्तर मागे घेतात.

मग पाठांतर टाकून द्यायचं?

अजिबात नाही. ज्याला पाढे येत नाहीत त्याला भागाकाराचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. माहिती नसेल तर विचार तरी कशाचा करणार? म्हणून बंद प्रश्न लागतातच. उजळणीला, पाया पक्का करायला, तासाच्या सुरुवातीला कालचं आठवायला.

उलट आठवायला लावणारा प्रश्न हे स्मरणाचं सर्वांत चांगलं औषध आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत, उतारा न बघता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. एका आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांच्या ६१ टक्के. धडा पुन्हा पुन्हा वाचला की आपल्याला येतंय असं वाटतं. पुस्तक मिटून आठवलं की खरं काय येतं ते कळतं आणि ते टिकतंही.

घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांना याचा लगेच उपयोग होईल. "वाच परत" म्हणण्याऐवजी पुस्तक मिटून "काय काय आठवतं ते सांग" म्हणा, आणि राहिलेलं मग उघडून बघू द्या.

माझा आक्षेप आहे तो आठवण्यापाशीच थांबण्याला. बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी आहेत. फार विचारपूर्वक घातलेल्या आहेत त्या. पण 'जरा डोके चालवा'चं उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं आणि आपण ते फळ्यावर लिहून देतो, मुलं उतरवून घेतात. डोकं चालवायच्या प्रश्नाचंही आपण पाठांतर करून टाकलं आहे.

पण अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?

ही अडचण खरी आहे, तिला उडवून लावणारा माणूस वर्गात उभा राहिलेला नसतो. तरी हिशेब करून बघू. तासाला वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला तीन सेकंद जास्त थांबलं, तर जातं एक मिनिट. थांबण्यात वेळ जात नाही.

वेळ जातो तो उत्तराचा पाठपुरावा करण्यात. ताटलीच्या त्या प्रकरणात पाऊण तास गेला. असं रोज, प्रत्येक विषयात करता येत नाही आणि करायची गरजही नाही. मी पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या आखणीच्या वहीत, एकाच प्रश्नाखाली रेघ मारते. त्या दिवशी त्याच प्रश्नावर थांबायचं, बाकीचे पटापट. शिवाय "कळलं का? होऽऽ" करून संपवलेला धडा पुन्हा शिकवावा लागतो, घटक चाचणीनंतर. तो वेळ आपण मोजत नाही, एवढंच.

साठचा पट असला तर?

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे, पण प्रत्यक्षात साठ मुलं एका खोलीत बसलेली मी पाहिली आहेत. दुसरीकडे द्विशिक्षकी शाळेत एकाच बाईंसमोर दोन-तीन इयत्ता असतात. मोठ्या पटात तर पाटी आणखीच हवी. आणि जोडी हवी. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत अगदी साधी आहे: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याला सांगणं, मग वर्गाला. साठ मुलांत एक बोलतं तेव्हा एकोणसाठ गप्प असतात. जोडीत बोलतात तेव्हा तीस जण एका वेळी बोलत असतात. गलका होतो. शेजारच्या वर्गाच्या सरांना एकदा सांगून ठेवावं.

आणखी एक छोटी गोष्ट, फुकटची. आधी प्रश्न विचारा, थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीची सगळी सुटतात.

जी मुलं बोलतच नाहीत

माझं मन याच मुलांपाशी जास्त अडकतं.

आमच्या भागात काही मुलांची घरची भाषा कन्नड, तांड्यावरच्या मुलांची बंजारा. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा मुलाला आपण पुस्तकी मराठीत विचारतो, "बाष्पीभवनाची प्रक्रिया स्पष्ट करा." ते गप्प राहतं आणि आपण आडात नाही म्हणतो. त्याला प्रश्नच पोहोचलेला नसतो. तांड्यावरच्या एका मुलीला मी सांगितलं, आधी तुझ्या बोलीत तुझ्या मैत्रिणीला सांग, ती मला मराठीत सांगेल. पहिलं उत्तर असं दोघींमधून आलं, लांबलचक. पुढच्या महिन्यात मैत्रीण लागली नाही.

काही मुलं हसण्याला भितात. सुरुवातीलाच नियम करावा लागतो, की उत्तरावर कोणी हसायचं नाही, आणि तो बाईंनी स्वतः आधी पाळायचा. चिठ्ठी काढून नाव घेण्याची पद्धत चांगली आहे, ठरलेल्या पाच हातांची मक्तेदारी मोडते. पण ज्याचं नाव निघालं त्याला "मी दोघांचं ऐकून मग सांगतो" म्हणायची मोकळीक हवी. मात्र त्याच्याकडे परत जायला विसरायचं नाही. विसरलात तर ती मोकळीक म्हणजे सुटका होते.

आणि काही मुलं गप्प असतात, कारण आपल्या प्रश्नात त्यांना माहीत असलेलं काही मावतच नाही.

आणि शिक्षकालाच उत्तर आलं नाही तर?

खुले प्रश्न न विचारण्याचं हे खरं कारण आहे, पण ते कोणी उघड बोलत नाही. बंद प्रश्नाचं उत्तर गाईडात असतं. खुला प्रश्न विचारला की मुलं कुठेही जाऊ शकतात. प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे प्रश्न घेऊन येतात. ऋषी म्हणतात, वर्षभर इथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा. आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. 'माहीत असेल तर' असं पिप्पलाद म्हणू शकतात, तर पाचवीच्या बाईंनी म्हणायला काय हरकत आहे?

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांपासून एक विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, तो तीस वर्षं चालला. त्यात मुलांनी आपले प्रश्न पत्रातून 'सवालीराम' नावाच्या एका कल्पित माणसाला पाठवायचे आणि तिकडून उत्तर यायचं. प्रश्न विचारण्याची दिशाच उलटी झाली. माझ्या वर्गात सवालीराम म्हणजे पेटी आहे, चपलांच्या खोक्याची. ज्याचं उत्तर मला आलं नाही तो प्रश्न त्यात जातो.

एका मार्चमध्ये मी विचारलं, "माठातलं पाणी गार का होतं?" माझ्याकडे उत्तर तयार होतं: पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, जाताना ती उष्णता घेऊन जाते. दोन-तीन मुलांनी ते सांगितलंही. मी मनात पाढा म्हणत थांबले. खिडकीकडच्या रांगेतला एक मुलगा, वर्षभरात हजेरीशिवाय ज्याचा आवाज मी क्वचित ऐकला होता, बसूनच म्हणाला, "नव्याचंच गार हुतं. जुन्याचं नाही."

"का?" मला खरंच माहीत नव्हतं.

तो कुंभारवाड्यातला. आजोबा माती मळताना तिच्यात लीद आणि राख कालवतात, असं त्याने सांगितलं. भट्टीत लीद जळून जाते, ती होती तिथे बारीक भोकं राहतात. त्यातून पाणी झिरपतं. वर्ष-दोन वर्षं वापरलं की पाण्यातला क्षार बसून भोकं बुजतात. मग माठ नुसतं भांडं होतो. तो हे जमिनीकडे बघत बोलला. मग कोणीतरी विचारलं, "भोकं दिसतात का रे?" आणि त्याने पहिल्यांदा वर बघितलं.

ते पेटीत टाकायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात बांधून दोन खापऱ्या आणल्या, एक नव्या माठाची, एक जुन्याची. ड्रॉपरने दोन्हींवर एकेक थेंब टाकला. मुलं मोठ्याने अंक मोजत होती. नव्या खापरीवरचा थेंब बघता बघता जिरला. जुन्यावरचा किती तरी वेळ तसाच चमकत राहिला, आणि पुन्हा मोजायला लागलेल्या मुलांनी मला "बाई, गप्प ऱ्हावा, आकडा चुकतोय" म्हणून थांबवलं. पुढचा तास मराठीचा होता. घंटा झाली तेव्हा ती खापरी अजून हातोहात फिरत होती.